आम्ही वगळलेलं दुसरं कडवं

आमच्या चर्चचं एक छोटं मासिक निघतं. ते काढणारी मुलगी घरी आली आणि म्हणाली, "मावशी, आजारपणात भक्तिगीतांतून देवाचं प्रेम तुम्हाला कसं कळलं, त्यावर दोन पानं लिहा ना. आणि जरा गोड लिहा हां." मी म्हटलं, "बाय, मला साखर बंद आहे." ती हसली. तिला वाटलं मी मस्करी करते.

तेव्हा आधीच सांगते, हे गोड नाही. ज्यांना डॉक्टरने नुकताच डायलिसिस हा शब्द ऐकवलाय, आणि जे घरी येऊन पंख्याकडे बघत पडलेत, त्यांच्यासाठी लिहिते आहे. बाकीच्यांनी पान उलटलं तरी माझी हरकत नाही.

कळलं तो दिवस

पाय सुजायचे. मला वाटायचं उभं राहून सुजतात. मी लहानपणापासून कॉयरमध्ये गाते, ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर आमची रोजची प्रॅक्टिस, तासन्‌तास उभंच राहायचं. त्यात ब्लडप्रेशर, त्यात साखर. मग तोंडाची चव गेली. सुक्या बोंबलाची चटणी खाल्ली तरी तोंडात लोखंड धरल्यासारखं वाटायचं. शेवटी आमच्या डॉमनिकने, माझ्या नवऱ्याने, जबरदस्तीने रिक्षात घातलं.

डॉक्टर तरुण होता. रिपोर्ट माझे, पण तो बोलत होता डॉमनिककडे बघून. "दोन्ही किडन्या दमल्यात त्यांच्या. आता मशीनवर जावं लागेल, नाहीतर दुसरी किडनी बसवायची." मी म्हटलं, "डॉक्टर, मी इकडे बसलेय." तेव्हा कुठे त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि पाहिलं तर असं, की मला वाटलं नसतं पाहिलं तर बरं झालं असतं.

येताना रिक्षात डॉमनिक रिपोर्टची फाईल या हातातून त्या हातात करत होता. विमानतळावर लोडर म्हणून आयुष्य गेलं त्याचं, ओझी उचलायची सवय, पण हे कुठून धरायचं ते त्याला कळत नव्हतं. अंधेरीतलं आमचं गावठाण म्हणजे चार गल्ल्या, एक क्रूस, एक चर्च, आणि चारी बाजूंनी ऑफिसांच्या काचेच्या इमारती. चर्चपाशी आलो तर आतून पेटीचा आवाज येत होता. मी रिक्षा थांबवली.

"आता कुठे?" डॉमनिक म्हणाला.

"प्रॅक्टिस हाय."

"सिसी, येड लागलंय काय तुला?"

"घरी जाऊन काय करू? तुझं तोंड बघू?"

आत गेले, जागेवर उभी राहिले, आणि गायले. कुणाला काही सांगितलं नाही. आमचा पेटीवाला गाणं सुरू करताना दोन बोटं वर करतो. दोन बोटं म्हणजे पहिलं आणि शेवटचं कडवं, मधली सोडायची. बाहेरच्यांना हे ठाऊक नसेल म्हणून सांगते. आमचा मराठी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, पहाटेचा, आणि त्याच्या पाठीला पाठ लावून इंग्रजी मिस्सा. त्या लोकांच्या गाड्या येऊन उभ्या राहतात, मग आमच्या फादरांची घाई सुरू होते. ज्या चर्चचे दगड आमच्या पणज्या-पणजोबांनी वाहिले, तिथे आम्हाला पूर्ण गाणं गायला वेळ नाही. इतकी वर्षं कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. मलाही नाही. त्या दिवशीही पहिलं कडवं म्हटलं, शेवटचं म्हटलं, देव किती प्रेमळ ते सांगितलं आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले.

लुसी

लुसी माझी धाकटी बहीण. आम्हा दोघींना एकाच गावठाणात दिलेलं, मध्ये एक गल्ली. कॉयर तीच चालवते. आवाज तिचा माझ्यापेक्षा चांगला, हे मी आईच्या मांडीवर होते तेव्हापासून ऐकत आलेय, म्हणजे ती जन्मायच्या आधीपासून म्हणा ना.

घरात बोलणं निघालं किडनी कोण देणार. डॉमनिकला स्वतःलाच साखर, तो बाद. आमची शर्ली, एकुलती मुलगी, म्हणाली मी देते. तिचं लेकरू अजून अंगावर पीत होतं. मी म्हटलं, तू परत हा विषय काढलास तर मी मशीनवरसुद्धा जाणार नाही. तेव्हा समोर जेवत बसलेली लुसी ताट बाजूला सारून म्हणाली, "माझी घे गो बाय. दोन हायत, त्यातली एक तुझी."

असं म्हणाली ती. वडी वाटून घ्यावी तसं.

मी रडले, डॉमनिक रडला. पुढच्या रविवारी फादरांनी वेदीवरून सांगितलं की आपल्या गावात खऱ्या प्रेमाचं उदाहरण घडतंय. लोकांनी टाळ्या वाजवल्या. लुसीला उभं केलं. तिने मान खाली घातली आणि छान हसली. मग तपासण्या झाल्या आणि जुळलं. डॉक्टर म्हणाला, इतकं चांगलं जुळणं नशिबाने होतं. मी मनातल्या मनात उधळ्यासारखी आशा खर्च करायला लागले. पुन्हा पोटभर पाणी पिईन, पुन्हा केळं खाईन, शर्लीच्या पोराला कडेवर घेऊन क्रुसापर्यंत चालत जाईन.

आणि मग लुसी दिसेनाशी झाली. आज कंबर दुखते, उद्या पाहुणे आहेत. फोन केला तर तिचा मुलगा उचलायचा. अवयवदानाच्या कमिटीपुढे सह्या करायला जायचं होतं, ते पुढे गेलं, परत पुढे गेलं.

एक दिवस दुपारची ती आली, पण एकटी नाही. आमचा प्रार्थनेचा गट घेऊन आली. सात-आठ बायका, गिटारवाला, मेणबत्ती. कुणी आजारी असलं की असं घरी जाऊन गायची आमच्याकडे रीत आहे. मीही कित्येक घरी गेलेय. माझ्या पलंगाभोवती उभ्या राहून त्यांनी देवाच्या प्रेमाचं गाणं म्हटलं. पहिलं कडवं, शेवटचं कडवं. लुसीने डोळे मिटून, हात पसरून म्हटलं. मग शर्लीने चहा आणला. आणि कपातल्या चहाकडे बघत, सगळ्या बायकांच्या देखत, लुसी मला म्हणाली, "बाय, आम्ही घरात खूप प्रार्थना केली गो. देवाने नाय सांगितलं."

मला पटकन कळलंच नाही. मी म्हटलं, "काय नाय सांगितलं?"

"किडनीचं. देवाची इच्छा नाय."

एक बाई म्हणाली, "देव दुसरा मार्ग काढेल." दुसरी म्हणाली, "आमेन." बिस्किटांची बशी फिरली.

हे वाचणाऱ्यांनी नीट ऐका. कुणाचं शरीर म्हणजे आपल्या घरचं झाड नाही, हक्काने तोडून घ्यायला. तिने नाही म्हटलं असतं, रडली असती, माझ्यावर ओरडली असती, तरी मी गिळलं असतं. पण तिने नकार देवाच्या तोंडात घातला, आणि आधी गाणं म्हटलं. आता मी भांडू कुणाशी? बहिणीशी भांडायला गेले तर पुढे देव उभा. देवाकडे जावं तर तिथे लुसीचा आवाज.

त्यानंतर मी कॉयरला गेले नाही. लुसी दोनदा दारात आली, मी डॉमनिकला सांगितलं, झोपलेय म्हण. तो म्हणाला, "ती खिडकीतून बघतेय तुला." मी म्हटलं, "मग डोळे उघडे ठेवून झोपलेय म्हण."

सेंटरमधले दिवस

मशीनबद्दल डॉक्टर सांगतील, मी सांगत नाही. एवढंच सांगते की आठवड्यातून तीन वेळा जायचं, प्रत्येक वेळी चार तास, हातात दोन जाड सुया. एकीतून रक्त बाहेर, दुसरीतून आत. तो हात हलवायचा नाही. आधी वजन करतात, आणि वजन जास्त भरलं की सिस्टर असं बघते की जणू आपण चोरी करून आलोय. केलेली असतेच म्हणा. पाणी. दिवसाला लिटरभर, त्यातच चहा, त्यातच डाळ. माणूस काय काय चोरेल सांगता येत नाही, मी चूळ भरताना पाणी चोरलंय.

भीती वाटते ती सुईची नाही. उठल्यावर पाय आपले असतील का, ही. शेवटच्या तासात पोटऱ्यांत गोळे येतात, मोठ्या माणसाला आईची हाक मारायला लावतात. आणि घरच्यांचं वागणं बदलतं. डॉमनिक माझ्यासमोर पाणी पिईना, मोरीत जाऊन प्यायचा. मला त्याचा जास्त राग यायचा. शर्ली ऑफिसमधून फोन करायची आणि मी "बरी हाय" म्हणायची, आणि फोन ठेवल्यावर दोघींना ठाऊक असायचं.

चांगलं काही नव्हतं असं नाही. बटाटे कापून पाण्यात घालून ठेवले, ते पाणी ओतून उकडले की त्यातलं पोटॅशियम कमी होतं, मग थोडे चालतात. ते डॉमनिक शिकला आणि आमच्या वर्षभराच्या बाटली मसाल्याची चिमूट टाकून मला भाजी करून द्यायला लागला. आयुष्यात चहा केला नव्हता त्याने. बर्फाचा एक खडा तोंडात बराच वेळ पुरतो. आणि एक सिस्टर होती केरळची, सुई घालताना "सॉरी अम्मा" म्हणायची. दर वेळी म्हणायची. तेवढंच, पण इतर कुणी म्हणत नव्हतं.

शर्लीने फोनमध्ये आमच्या कॉयरची गाणी भरून दिली होती. "वेळ जाईल मम्मी." मी सुरुवातीला लावलीच नाहीत. त्यात लुसीचा आवाज होता. आयुष्यभर फादर सांगत आले, देवासाठी वेळ काढा, देवासाठी वेळ काढा. आता चार-चार तास हातपाय बांधल्यासारखी पडलेली मी, वेळच वेळ, आणि मला देवाशी बोलायचं नव्हतं. त्याने काढून दिलेला वेळ त्यालाच परत करावा असं वाटायचं.

सावंतकाका

माझ्या शेजारच्या खुर्चीवर सावंतकाका असतात. मालवणचे, गिरणी बंद पडल्यावर वॉचमनकी केलेले. त्यांची जीभ म्हणजे तिसरी सुई. एकदा मी शेवटी कंटाळून गाणं लावलं, तर म्हणाले, "बाई, एकटीच काय ऐकतास? मोठ्यान लावा. माका पण कळांदे तुमचो देव काय म्हणता तो."

"तुम्हाला चालेल?"

"माझो देव तीन वरसां झाली काय बोलाक नाय. तुमचो बोललो तर बरांच."

मी आवाज वाढवला. दोन कडवी झाली, गाणं संपलं. काका म्हणाले, "संपला? एवढ्यात?"

"चार आहेत. आम्ही दोन गातो."

"आणि मधली खंय गेली?"

मी सांगितलं, वेळ नसतो, दुसरा मिस्सा असतो. ते हसले. "आमच्या गावाक आरती अर्धी सोडली तर म्हातारी काठी घेऊन मागे लागतली." मग डोळे मिटून म्हणाले, "आता गाडी खंय पकडूची हा तुमका? म्हणा की मधली."

मला येत नव्हती. खरंच येत नव्हती. जे गाणं झोपेत म्हणता येतं असं मी म्हणायची, त्याची मधली दोन कडवी मला एका ओळीपलीकडे आठवेनात.

पुढच्या वेळी गायनाचं पुस्तक पिशवीत घालून नेलं. एका हाताने पान धरायचं म्हणजे कसरत, ते सारखं मिटायचं. केरळच्या सिस्टरने चिकटपट्टीचा रोल त्यावर ठेवून दिला.

दुसरं कडवं

पहिल्या कडव्यात, सगळ्यांना ठाऊक आहे, देव मेंढपाळ आहे, प्रेमळ आहे, हाताला धरून नेतो. चौथ्यात आपण घरी पोहोचतो, आनंदीआनंद. आणि दुसऱ्यात गाणारा माणूस देवाला म्हणतो की तू मला इथवर आणलंस आणि सोडून दिलंस. मी हाका मारतोय आणि तू मागे वळून बघत नाहीस. माझी माणसं लांब उभी आहेत. तिसऱ्यात तरी काही उत्तर असेल म्हणून मी घाईने वाचलं. तिथेही उत्तर नाही. तिथे तो एवढंच म्हणतो, तू येत नाहीस तर मी इथेच बसतो, उठून जाणार नाही.

मी ते परत वाचलं. परत वाचलं. मग मला असा राग आला, की सिस्टर धावत आली, प्रेशर वाढल्यामुळे मशीन ओरडायला लागलं.

राग कसला, तर हे छापलेलं होतं. आमच्याच पुस्तकात, आमच्याच चर्चमध्ये. कुणीतरी माझ्यासारखं पडून राहिलेलं माणूस हे लिहून गेलं, आणि आम्ही दर रविवारी त्याच्यावरून उडी मारून पलीकडे जात होतो. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहूनसुद्धा तेवढंच वगळत होतो. ज्याला त्याची गरज, त्यालाच ते कुणी ऐकवलं नाही.

मासिकवाल्या मुलीला विचारायचं होतं ना, देवाचं प्रेम कसं कळलं. कळलं ते इतकंच, की त्याच्यावर चिडायला त्याच्याच पुस्तकात जागा ठेवलेली आहे. याहून जास्त मला काही कळलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी मशीनवर असताना दर वेळी एक गाणं पूर्ण वाचते. सगळी कडवी, सावकाश. सावंतकाका म्हणतात, "वाचा बाई, आज तुमचो माणूस किती रडलो ता सांगा."

लुसी सेंटरवर येते

ऑगस्टमध्ये डॉमनिकला ताप आला. शर्लीला सुट्टी नव्हती. मशीनवरून उठल्यावर मला एकटीने घरी येता येत नाही, चक्कर येते. शर्लीने मला न विचारता लुसीला सांगितलं. सकाळी दारात रिक्षा, आणि रिक्षात लुसी, मांडीवर पर्स घट्ट धरून.

वाटेत आम्ही दोघी दोन बाजूंना बघत बसलो. सेंटरमध्ये माझं वजन केलं, सुया घातल्या. सुया घालताना लुसीने तोंड फिरवलं. मी म्हटलं, "बघ ना. बघायला काय जातं?" तिने बघितलं, आणि बाजूच्या स्टुलावर खाली बसली.

थोड्या वेळाने ती गुणगुणायला लागली. सवय असते. तेच गाणं. पहिलं कडवं झालं, आणि ती सरळ शेवटच्यावर गेली.

"थांब," मी म्हटलं. "गायचं तर सगळं गा."

"अख्खं?"

"तुला कुठे जायचंय? चार तास हायत."

मी पुस्तक तिच्याकडे सरकवलं. तिने चष्मा लावला. चालीत बसवत, अडखळत, तिने दुसरं कडवं गायला घेतलं. तीही ते पहिल्यांदाच गात होती, ते तिच्या श्वासावरून कळत होतं. माणसं लांब उभी आहेत, ती ओळ आली तिथे ती थांबली. मला वाटलं चाल चुकली म्हणून.

चष्मा काढून हातात धरून ती म्हणाली, "देवाने काय नाय सांगितलं गो बाय."

मोकळ्या हाताने मी तिच्या पुढ्यातलं पुस्तक मिटलं.

"मी त्याला विचारलंच नाय. मी घाबरले. तपासणीला गेले तिकडे एक बाई होती, किडनी दिलेली, तिचं शिवलेलं पोट बघितलं मी. आणि रात्रीची झोपच लागेना. पोरगा म्हणाला नको, मी त्याच्यामागे लपले. मग देवामागे लपले. फादरांनी उभं केलं होतं मला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आता कुठल्या तोंडाने सांगू की मी भित्री हाय?"

पलीकडे सावंतकाकांनी डोळे मिटून घेतले होते. ते जागे होते, मला ठाऊक आहे, कारण एरवी ते घोरतात.

मला बरंच काही बोलायचं होतं. कित्येक महिने मनात घोळवलेलं, धार लावून ठेवलेलं. तुझ्यामुळे मी पाणी चोरते. तुझ्यामुळे मी देवाला शिव्या दिल्या आणि तो त्यात नव्हताच. यातलं मी बोलले का? बोलले. सगळं बोलले, हळू आवाजात, कारण सेंटरमध्ये ओरडता येत नाही. ती ऐकत बसली. उठून गेली नाही. "जाऊ दे" म्हणाली नाही, "माफ कर" पण म्हणाली नाही. माफ कर म्हणाली असती तर मी नाही म्हटलं असतं, आणि तिला ते ठाऊक होतं. बहीण आहे.

शेवटच्या तासात नेहमीसारखे माझ्या पायात गोळे आले. लुसी स्टुलावरून उतरून खाली फरशीवर बसली आणि माझी पोटरी दोन्ही हातांनी धरून दाबायला लागली. चुकीच्या जागी दाबत होती. "वर गो," मी म्हटलं, "वर, आणखी वर. तिथे. जोरात."

किडनी मला अजून मिळालेली नाही. मेलेल्या माणसाच्या किडनीसाठी नाव लावलंय, आणि कुणी मरावं अशी प्रार्थना करायची नाही म्हणून त्याबद्दल मी देवाशी बोलत नाही. लुसी आता गुरुवारी येते. चर्चमध्ये कुणाला तिने खरं सांगितलेलं नाही. मीही सांगितलं नव्हतं. हे छापून आलं तर कळेल. मी तिला आधी वाचून दाखवलं, मशीनवर असतानाच. तिने कागद घेऊन परत एकदा स्वतः वाचले.

मग म्हणाली, "पोटाचं लिहिलंस ते बरं केलंस. मी खरंच घाबरले होते गो."

"मी रोज घाबरते," मी म्हटलं.

हे मी याआधी कुणाला सांगितलं नव्हतं. डॉमनिकला नाही, शर्लीला नाही. तिने माझा सुया नसलेला हात धरला, आणि मी तो काढून घेतला नाही.